अंदाज, यंत्र आणि ताळा : प्राथमिक वर्गातील कॅल्क्युलेटरचा विचार

विषयाची मांडणी

प्राथमिक शाळेच्या वर्गात कॅल्क्युलेटर असावा की नसावा, हा प्रश्न महाराष्ट्रात सहसा विचारलाच जात नाही, कारण त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. मुलाच्या हाती यंत्र दिले की त्याचे पाढे सुटतील, हातच्याची बेरीज ते विसरेल आणि डोके चालवण्याची सवयच मोडेल, अशी पालकांची आणि बहुतेक शिक्षकांची धारणा आहे. ही धारणा झटकून टाकण्याजोगी नाही. दुकानाच्या गल्ल्यावर तीन वस्तूंच्या बेरजेसाठीही यंत्राची कळ दाबणारा तरुण सर्वांच्या परिचयाचा आहे. तरीही प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे, की यंत्रामुळे डोके चालते की थांबते हे यंत्रावर अवलंबून नसून ते कोणत्या क्षणी हाती येते यावर अवलंबून असते. मुलाने आधी अंदाज बांधला, मग यंत्र वापरले आणि शेवटी आलेल्या उत्तराचा ताळा पाहिला, तर तेच यंत्र गणिताच्या शोधाचे साधन होते. हा क्रम उलटला किंवा त्यातील पहिली व तिसरी पायरी गळाली, तर पालकांची भीती अक्षरशः खरी ठरते.

चर्चेपूर्वी दोन गोष्टींतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. दिलेल्या संख्यांवर ठरलेल्या पायऱ्यांनी क्रिया करून उत्तर काढणे याला 'गणन' म्हणता येईल. आणि कोणती क्रिया करायची हे ठरवणे, उत्तराचा आवाका आधी ओळखणे, अनेक उत्तरांमधील साम्य हेरणे आणि ते साम्य कशामुळे आले याचे कारण शोधणे, हे सारे 'गणित' या व्यापक संज्ञेत येते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने तयार झालेल्या गणितविषयक भूमिकालेखात आकडेमोडीचे कौशल्य हे शालेय गणिताचे संकुचित उद्दिष्ट आणि मुलाच्या विचाराचे गणितीकरण हे उच्च उद्दिष्ट मानले आहे, तेही याच भेदाला धरून. प्रत्यक्ष वर्गात मात्र पहिलीपासून पाचवीपर्यंतचा बहुतांश वेळ गणनातच जातो, आणि साम्य हेरण्याइतकी उदाहरणे हातून होण्याआधीच तास संपतो. कॅल्क्युलेटरचा प्रश्न इथे उपस्थित होतो.

इंग्लंडमधील प्रयोग

आकडेमोड यंत्राकडून करून घेण्याची कल्पना जुनी आहे. ब्लेझ पास्कल याने दातेरी चाकांचे बेरीज-वजाबाकीचे यंत्र १६४२ मध्येच रचले होते. शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचा काळ मात्र १९७० नंतरचा. एका चिपवर चालणारे आणि खिशात मावणारे कॅल्क्युलेटर १९७१ च्या सुमारास बाजारात आले, आणि दशक संपण्याआधी त्यांच्या किमती इतक्या उतरल्या की यंत्र मुलांच्या घरी पोहोचले. त्यामुळे शिक्षणव्यवस्थेला भूमिका घेणे भाग पडले. अमेरिकेतील गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८० मध्ये सर्व इयत्तांत कॅल्क्युलेटरचा लाभ घेण्याची शिफारस केली. ब्रिटनमध्ये डब्ल्यू. एच. कॉक्क्रॉफ्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८२ मध्ये आपला अहवाल सादर केला; त्यात कॅल्क्युलेटर व संगणक यांना स्वतंत्र प्रकरण दिले आणि उपलब्ध पुराव्यांवरून यंत्राच्या वापराने मूलभूत आकडेमोडीवर अनिष्ट परिणाम होत असल्याचे दिसत नाही, असा निष्कर्ष नोंदवला.

या पार्श्वभूमीवर केंब्रिजच्या होमर्टन कॉलेजमधील हिलरी शुअर्ड यांच्या नेतृत्वाखाली १९८६ ते १९८९ या काळात इंग्लंड आणि वेल्समधील काही प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. कॅल्क्युलेटर उपलब्ध आहे हे गृहीत धरून संख्याशिक्षण कसे असावे, हे त्यात पाहायचे होते. त्याचे नियम मोजके, पण धाडसी होते. मुलाजवळ यंत्र कायम राहील आणि ते कधी वापरायचे याचा निर्णय मूल स्वतः घेईल. उभ्या मांडणीच्या, हातचे घेण्याच्या रूढ लेखी रीती शिक्षक शिकवणार नाहीत. त्याऐवजी तोंडी हिशेबावर आणि संख्यांच्या मुक्त शोधावर भर राहील. ज्या पालकांना यंत्राचीच भीती वाटते त्यांना या प्रयोगातील सर्वांत अनपेक्षित भाग हाच वाटेल, की यंत्र दिल्यावर तोंडी हिशेबाचे स्थान घटवलेले नव्हते, वाढवलेले होते.

वर्गांमध्ये जे दिसले, ते शुअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ च्या पुस्तकात नोंदवले. लहान वयातील मुले मोठ्या संख्या, ऋण संख्या आणि दशांश अपूर्णांक यांना अभ्यासक्रमाने ठरवलेल्या वर्षाच्या पुष्कळ आधी सामोरी गेली, आणि लेखी रीत शिकवली नसल्यामुळे त्यांनी आपापल्या रीती घडवल्या. अशा रीतीचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. बेचाळिसातून सत्तावीस वजा करताना रूढ रीत 'दोनातून सात जात नाहीत, म्हणून दशक सुटा करावा' असे सांगते. यंत्रावर शून्याच्या खालच्या संख्या पाहिलेले मूल मात्र 'चाळिसातून वीस गेले, वीस उरले; दोनातून सात गेले, उणे पाच उरले; विसात उणे पाच मिळवले, पंधरा झाले', असा हिशेब करू शकते. ही रीत डावीकडून उजवीकडे जाते, मोठ्या स्थानापासून सुरू होते आणि तिची प्रत्येक पायरी मुलाला समजलेली असते.

पुढे केंब्रिजमधील केनेथ रुथवेन यांनी १९९० च्या दशकात या प्रयोगातून गेलेल्या शाळांतील वरच्या प्राथमिक वर्गांची इतर शाळांशी तुलना केली, तेव्हा प्रयोगातील शाळांची मुले तोंडी हिशेबाचा आश्रय अधिक घेतात असे आढळले. ज्यांना यंत्र मोकळेपणी दिले होते, त्यांचेच डोके यंत्राविना अधिक चालत होते.

मेलबर्न आणि त्यानंतर

याच प्रकारचे दीर्घकालीन काम ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९९० ते १९९३ मध्ये सुझी ग्रोव्ह्ज, के स्टेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. सहा शाळा, सुमारे ऐंशी शिक्षक आणि सुमारे एक हजार मुले त्यात सहभागी होती. बालवर्ग व पहिलीपासून यंत्र हाताळत चौथीपर्यंत पोहोचलेल्या मुलांना ऋण संख्या, दशांश अपूर्णांक आणि मोठ्या संख्यांतील स्थानिक किंमत यांची समज अधिक चांगली असल्याचे दिसले, आणि ती यंत्राच्या आहारी गेल्याचा पुरावा मिळाला नाही.

तथापि, सर्वच संशोधन एका सुरात बोलत नाही, आणि विद्वत्तेच्या प्रामाणिकपणासाठी त्यातील बेसूर नोंदही लक्षात घ्यावी लागते. रे हेंब्री आणि डोनाल्ड डेसार्ट यांनी १९८६ मध्ये ७९ संशोधनांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. नेहमीच्या अध्यापनाला कॅल्क्युलेटरची जोड दिल्यास सर्वसाधारण विद्यार्थ्याचे कागद-पेन्सिलीवरचे कौशल्य सुधारते, असा त्यांचा निष्कर्ष होता. परंतु त्याला चौथीचा अपवाद होता, आणि त्या इयत्तेत यंत्राच्या सततच्या वापराने मूलभूत कौशल्यांच्या वाढीला अडथळा होत असल्याचे दिसले. चौथी म्हणजे साधारणपणे मोठा गुणाकार व भागाकार पक्का होण्याचे वय, हे ध्यानात घेतले तर या अपवादाचा अर्थ लागतो. इंग्लंडमधील शिक्षणविषयक एका प्रतिष्ठानासाठी जेरेमी हॉजन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये केलेल्या आढाव्यातूनही हेच निघाले, की कॅल्क्युलेटरमुळे आकडेमोडीचे नुकसान सर्वसाधारणपणे होत नाही आणि अध्यापन व परीक्षा या दोहोंत तो विचारपूर्वक गुंफलेला असेल तर फायदाच होतो. परंतु प्राथमिक वर्गात तो रोज वापरणे इष्ट नाही.

धोरणाने मात्र संशोधनाची वाट पाहिली नाही. इंग्लंडमध्येच १९९९ च्या राष्ट्रीय अंकज्ञान कार्यक्रमाने कॅल्क्युलेटरचा वापर नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांपुरता मर्यादित केला, आणि २०१४ पासून अकराव्या वर्षीच्या राष्ट्रीय चाचण्यांतून तो पूर्णपणे काढून टाकण्यात आला. ज्या देशात सर्वांत धाडसी प्रयोग झाला, त्याच देशाने माघार घेतली. या माघारीमागे लोकमताचा आणि आंतरराष्ट्रीय गुणतुलनेच्या दडपणाचा वाटा मोठा असला, तरी एक कारण शिक्षणक्षेत्रातलेही होते: प्रयोगातील शिक्षकांना जे प्रशिक्षण व जी सोबत मिळाली, ती सर्वसामान्य शाळांना मिळाली नव्हती, आणि तिथे यंत्र पुष्कळदा उत्तरे तपासण्यापुरतेच उरले होते.

कळांवरील गणित

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळणे योग्य होईल. साध्या चार क्रियांच्या कॅल्क्युलेटरमध्ये एक सोय असते, तिला 'स्थिर संख्येची सोय' म्हणता येईल: एखादी संख्या मिळवण्याची क्रिया एकदा सांगितली की बरोबरचे चिन्ह पुनःपुन्हा दाबताच यंत्र तीच संख्या मिळवत जाते, काही यंत्रांत त्यासाठी बेरजेचे चिन्ह दोनदा दाबावे लागते. पहिली-दुसरीच्या मुलाने पाचाची उडी मारत पाच, दहा, पंधरा असे जावे आणि प्रत्येक वेळी कळ दाबण्यापूर्वी पुढची संख्या मोठ्याने सांगावी, एवढ्याच नियमाने पाचाचा पाढा त्याच्या तोंडून निघतो आणि यंत्र केवळ साक्षीदार राहते. हीच उडी उलटी घेतली आणि दहातून तीन-तीन काढत गेले, तर सात, चार, एक यांनंतर पडद्यावर दोनाच्या आधी एक आडवी रेघ उमटते. तिचा अर्थ काय, हा प्रश्न मूल स्वतः विचारते, आणि ऋण संख्या शिकवण्याचा याहून चांगला मुहूर्त शिक्षकाला मिळणार नाही.

दुसरा खेळ 'बिघडलेल्या कळेचा'. सात या अंकाची कळ चालत नाही असे समजून चोवीस गुणिले सतरा करायचे. कोणी चोवीसला सोळाने गुणून त्यात चोवीस मिळवतो, कोणी अठराने गुणून चोवीस वजा करतो, तर कोणी बारा गुणिले चौतीस करतो. सर्वांचे उत्तर ४०८ येते. पहिल्या दोन रीतींत वितरण गुणधर्म, म्हणजे एका गुणकाचे तुकडे पाडून वेगवेगळे गुणाकार केले आणि ते एकत्र केले तरी फळ तेच येते हा नियम आहे. तिसऱ्या रीतीत एका संख्येची निमपट व दुसरीची दुप्पट केल्याने गुणाकार बदलत नाही हे तत्त्व आहे. वरच्या इयत्तेत अक्षरांच्या सूत्रांत भेटणारे हे नियम इथे एका बंद कळेच्या गरजेतून सुचतात.

तिसरे उदाहरण अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. चौथी-पाचवीच्या वर्गाला विचारावे: तेविसाला कशाने गुणले म्हणजे हजार येतील? अट एकच, की भागाकाराची कळ वापरायची नाही. चाळिसाने गुणल्यास ९२० येतात, पंचेचाळिसाने १०३५. त्रेचाळिसाने ९८९ आणि चव्वेचाळिसाने १०१२. इथे बरीच मुले 'अशी संख्याच नाही' असे सांगून थांबतात, आणि त्यांना संख्या म्हणजे पूर्ण संख्या असेच वाटत असल्याचे शिक्षकाला कळते. मग कोणीतरी साडेत्रेचाळीस करून पाहतो, ४३.५ ने गुणल्यावर १०००.५ येतात, म्हणजे थोडेसे जास्त. आता ४३.४५ घ्यावे का? दशांश चिन्हानंतरचे पंचेचाळीस हे पाचापेक्षा मोठे, म्हणून ४३.४५ ही संख्या ४३.५ पेक्षा मोठी, अशी समजूत या वयात सार्वत्रिक असते; पण यंत्र ९९९.३५ दाखवते, आणि ती समजूत शिक्षकाने एक शब्द न उच्चारता मोडते. पुढे ४३.४७ ला ९९९.८१, ४३.४८ ला १०००.०४, ४३.४७८ ला ९९९.९९४ अशी मुले हजाराच्या जवळ सरकत राहतात, आणि कोणत्याही दोन दशांश संख्यांच्या मध्ये आणखी संख्या असतात, हे सत्य कळा दाबतादाबता त्यांच्या लक्षात येते.

या खेळाचा शेवट सर्वांत बोधप्रद आहे. आठ अंकी यंत्रावर ४३.४७८२६१ ला तेविसाने गुणले की पडदा नेमके १००० दाखवतो आणि वर्ग जिंकल्याचा आनंद साजरा करतो. शिक्षकाने तेव्हा एवढेच विचारावे, की पहिल्या संख्येचा शेवटचा अंक एक आणि तेविसाचा तीन असेल, तर गुणाकाराच्या शेवटी कोणता अंक यायला हवा? तिनाचा अंक यायला हवा, शून्य नव्हे. प्रत्यक्षात गुणाकार १०००.०००००३ आहे आणि पडद्यावर जागा नसल्याने यंत्राने शेपूट कापले आहे. ज्या पाढ्यांना यंत्र निरुपयोगी करील असे म्हटले जाते, त्यातीलच 'तीन एके तीन' यंत्राची चूक पकडतो. मराठी शाळांत ज्याला 'ताळा पाहणे' म्हणतात त्याचे खरे स्थान हे आहे.

कापरेकरांची परंपरा

या प्रकारच्या शोधाला महाराष्ट्रात एक थोर पूर्वज लाभला आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणू येथे झाला आणि त्यांचे आयुष्य देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले. विद्यापीठातील पद नसताना, कागद-पेन्सिलीच्या बळावर त्यांनी संख्यांचे जे गुणधर्म शोधले, त्यांतील ६१७४ ही संख्या जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये आपल्या विख्यात सदरातून त्यांच्या कामाची ओळख पाश्चात्त्य वाचकांना करून दिली. रीत अशी: सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या आणि चढत्या क्रमाने मांडून लहान संख्या करावी, मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर तीच क्रिया करत राहावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो, आणि मग तोच पुनःपुन्हा येत राहतो.

कापरेकरांच्या जन्मवर्षावरच ही रीत चालवली, तर ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. या एका संख्येसाठी सात चार अंकी वजाबाक्या लागल्या. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने स्वतःची संख्या निवडून कागदावर हे करायचे ठरवले, तर हातच्याच्या चुकांमुळे निम्म्या मुलांचे ६१७४ हुकण्याची शक्यता मोठी, आणि नियम मुळात आहे की नाही याचीच शंका उरायची. यंत्र हाती असेल तर पंधरा मिनिटांत चाळीस साखळ्या फळ्यावर येतात आणि मुले त्यांच्याकडे पाहू लागतात. प्रत्येक वजाबाकीच्या उत्तरातील अंकांची बेरीज अठरा किंवा सत्तावीस येते, म्हणजे उत्तर नऊने भागले जाते, हे कोणाच्या तरी ध्यानात येते. तीन अंकी संख्यांवर प्रयोग केला तर उत्तराच्या मधोमध नेहमी नऊच येतो आणि साखळी ४९५ ला थांबते, हे तिसरी-चौथीतील मुलांनाही सापडते.

इथपर्यंत यंत्राचे काम आहे, 'असे का?' याचे उत्तर यंत्राजवळ नाही. तीन अंकी संख्येत मोठा अंक शतकावरून एककावर आणि लहान अंक एककावरून शतकावर जातो, मधला जागेवरच राहतो, म्हणून वजाबाकी ही त्या दोन अंकांच्या फरकाची नव्याण्णव पट असते, हे स्थानिक किमतीचे कारण मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून, फळ्यावर, विचारानेच काढायचे असते. यंत्र निरीक्षणे पुरवते आणि सिद्धता माणसाकडे राहते. प्राथमिक वर्गात ही विभागणी जितक्या लवकर लक्षात येईल तितके बरे.

मराठी मुलाच्या वाटेतील विशेष

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या वर्गात यंत्र येते तेव्हा काही गोष्टी खास इथल्या असतात. मुलाच्या पुस्तकात देवनागरी अंक असतात आणि पडद्यावर आंतरराष्ट्रीय अंक. ही जोडणी काही दिवसांत जमते, पण ती गृहीत धरू नये. 'छत्तीस' ऐकताना सहा आधी आणि तीस नंतर ऐकू येतात, यंत्रावर मात्र तीन आधी दाबायचा असतो, त्यामुळे श्रुतलेखनात त्रेसष्ट टंकले जाणे ही नित्याची चूक आहे. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'वीस एक' यांसारखे पर्यायी वाचन सुचवले गेले तेव्हा राज्यात मोठा वाद झाला. त्यामागील शैक्षणिक अडचण मात्र खरी होती, आणि कॅल्क्युलेटर ती अडचण लगेच उघड करतो. तसेच आठ अंकी पडद्यावर एकापासून दुप्पट करत गेले की सव्विसाव्या दुपटीला ६७१०८८६४ ही संख्या उमटते. तिच्यात स्वल्पविराम एकतर नसतात किंवा तीन-तीन अंकांवर असतात, आणि मुलाने ती सहा कोटी एकाहत्तर लाख आठ हजार आठशे चौसष्ट अशी वाचायची असते. लाख-कोटींचे वाचन पक्के करण्यासाठी याहून चांगला सराव क्वचितच मिळेल.

अडचणींइतकेच एक बलस्थानही आहे. मराठी घरांत दीड, अडीच, सव्वा, पावणेदोन हे शब्द मूल शाळेआधीच ऐकते, आणि जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेतले जात. आजच्या मुलाला पाचवीत १.५ हे चिन्ह नवे आणि परके वाटते, कारण बोलीतला दीड आणि पुस्तकातला १.५ एकच आहेत हे त्याला कोणी दाखवलेले नसते. यंत्रावर १.५ मिळवत गेले की १.५, ३, ४.५, ६, ७.५ अशी रांग उमटते, आणि मुलाने ती दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात अशी वाचली की आजोबांची दिडकी आणि पाठ्यपुस्तकातील दशांश अपूर्णांक एकाच जागी येतात.

यंत्र जे लपवते

कॅल्क्युलेटरच्या मर्यादाही अभ्यासाचा विषय केल्या पाहिजेत. दोन अधिक तीन गुणिले चार हे साध्या यंत्रावर दाबले तर वीस येतात आणि मोबाइलमधील कॅल्क्युलेटरवर सहसा चौदा. साधे यंत्र कळांच्या क्रमाने चालते, तर दुसरे 'कंचेभागुबेव' या सूत्राने, म्हणजे कंस, 'चे', भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी या क्रियाक्रमाने चालते. दोन यंत्रे शेजारी ठेवून हा विरोध दाखवला, की ते सूत्र पाठांतराचा विषय न राहता गरजेचा होतो.

भागाकारातील बाकी ही दुसरी मर्यादा. एक हजार मुलांना सहलीला नेण्यासाठी पंचेचाळीस आसनांच्या किती बसगाड्या लागतील, याला यंत्र २२.२२२२२२ असे उत्तर देते, आणि गाड्या तेवीस लागतात हे माणसानेच ठरवायचे असते. हा दोष केवळ यंत्राचा नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या राष्ट्रीय चाचणीत ११२८ सैनिक आणि दर बसला ३६ जण, असा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलांना विचारला गेला. सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला, पण बत्तीस बसगाड्या हे योग्य उत्तर केवळ २३ टक्के मुलांनी दिले, आणि २९ टक्के मुलांनी '३१ बसगाड्या, बाकी १२' असे लिहिले. रीत पाठ असणे म्हणजे अर्थ कळणे नव्हे, हे कागदालाही लागू आहे.

आक्षेप आणि अटी

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की भारतातील बहुसंख्य मुलांना मूलभूत क्रियाच येत नसताना कॅल्क्युलेटरची चर्चा ही चैन आहे. 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम चौथा हिस्सा तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकत होता. ही वस्तुस्थिती गंभीर आहे. परंतु हे अपयश कॅल्क्युलेटर नसलेल्या वर्गांचे आहे, आणि त्याच रीतीचा आणखी सराव देऊन ते दूर होईल असे मानण्यास आधार नाही. ज्या मुलाला आठशे शेहेचाळीस भागिले सहा हे उत्तर शंभराहून मोठे की लहान, हे सांगता येत नाही, त्याची अडचण रीतीच्या पायऱ्यांत नसून संख्येच्या जाणिवेत असते, आणि ती जाणीव घडवण्यासाठी पुष्कळ उदाहरणे झटपट पाहायला मिळणे उपयोगाचे असते.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून लेखी रीती आल्याच पाहिजेत, हे मान्य करावे लागते. शुअर्ड यांच्या प्रयोगाप्रमाणे लेखी रीती वगळण्याचा सल्ला म्हणूनच इथे दिलेला नाही. तिसरा प्रश्न साधनांचा. त्याला मात्र उत्तर सोपे आहे. प्रत्येक मुलाला यंत्र लागत नाही. चौघांत एक यंत्र असेल, एक मूल अंदाज सांगेल, दुसरे कळा दाबेल, तिसरे नोंद ठेवेल आणि चौथे ताळा पाहील, तर दहा साध्या यंत्रांत चाळीस मुलांचा वर्ग चालतो. आणि मोबाइलपेक्षा साधे यंत्र बरे, कारण त्यात गणिताखेरीज दुसरे काही उघडत नाही.

या साऱ्यातून काही अटी निघतात. एक अंकी संख्यांच्या बेरजा आणि दहापर्यंतचे पाढे तोंडी असलेच पाहिजेत, कारण अंदाज आणि ताळा दोन्ही त्यांवरच उभे असतात. यंत्र रोज न काढता आठवड्यातून एखाद्या तासाला, ठरलेल्या शोधासाठी काढावे. कळ दाबण्यापूर्वी अंदाज वहीत लिहिलेला असावा आणि अंदाज चुकला तरी तो खोडू नये, कारण अंदाज आणि उत्तर यांतील अंतर घटत जाणे हीच प्रगतीची खरी नोंद होय. चौथीच्या वर्षी, लेखी गुणाकार-भागाकार पक्के होत असताना, वापर विशेष जपून करावा. आणि शिक्षकाने प्रत्येक शोधाच्या शेवटी 'असे का?' हा प्रश्न विचारल्याशिवाय तास संपवू नये.

महाराष्ट्रातील शिक्षकांना आणि शिक्षक घडवणाऱ्या संस्थांना यातून एक विनंती करता येईल. धोरण बदलण्याची वाट न पाहता, एका वर्गासाठी दहा साधी कॅल्क्युलेटर यंत्रे घ्यावीत, आठवड्याचा एक तास त्यांना द्यावा, आणि वर्षाच्या शेवटी मुलांच्या तोंडी हिशेबाची परीक्षा यंत्राविना घ्यावी. यंत्राने डोके चालवण्याची सवय मोडली की वाढवली, याचा निवाडा त्या परीक्षेच्या निकालावर सोडावा.